पाणचक्कीच्या काठी ‘होश दर दम’

औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) पाहुणे आले की त्यांना काय काय दाखवायचे हे ठरलेले असते. वेरूळ, दौलताबादचा किल्ला, खुलताबाद, बीबी का मकबरा आणि परतताना वेळ उरलाच तर पाणचक्की. रिक्षावालेही तिला अर्ध्या तासाचीच जागा समजतात. भिंतीवरून हौदात कोसळणारे पाणी पाहायचे, मासे पाहायचे, फोटो काढायचा, दुकानात हिमरू शालीचा भाव विचारायचा आणि न घेता निघायचे. माझे म्हणणे असे की या जागेला निदान अर्धा दिवस द्यावा. इमारत देखणी आहे म्हणून नव्हे. मकबऱ्यापुढे ती अगदी साधी आहे. पण ती ज्या लोकांनी वसवली, ते लोक माणसाला स्वतःकडे लक्ष द्यायला शिकवत होते, आणि सध्या आपल्या घराघरांत नेमकी याच गोष्टीची चणचण आहे.

गेली काही वर्षे आम्हा शिक्षकांच्या प्रशिक्षणात ‘माइंडफुलनेस’ हा शब्द वारंवार येतो. डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, मनात विचार आला तर त्याला येऊ द्या आणि जाऊ द्या. १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत जॉन कबाट-झिन यांनी ताणतणावाच्या रुग्णांसाठी असा अभ्यासक्रम सुरू केला. बौद्ध ध्यानपरंपरेतून त्यांनी बरेच काही घेतले आणि धर्माचे नाव बाजूला ठेवून ते दवाखान्यात आणले. आपल्याकडे इगतपुरीची विपश्यना पुष्कळांना ठाऊक आहे. शाळेत हे सुरू झाल्यावर पालकसभेत एक आई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, हे आपल्यात चालतं का?” प्रश्न प्रामाणिक होता. तिला वाद घालायचा नव्हता, तिला आपल्या मुलीची काळजी होती.

काळजी मलाही होती. माझी मुलगी दहावीला आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून ती रात्री दचकून उठायची. चाचणी परीक्षेच्या आदल्या दिवशी श्वास अडकल्यासारखा व्हायचा, हात गार पडायचे. डॉक्टरांनी तपासले. शरीरात दोष नाही, परीक्षेचा ताण आहे म्हणाले, समुपदेशकाकडे पाठवले आणि श्वास सावकाश घेण्याचा सराव सांगितला. (असे होत असेल तर आधी डॉक्टरांकडेच जावे, दम करून घेण्यात आठवडे घालवू नयेत, हे मी इथेच सांगून टाकते.) मग तिच्या मोबाईलमध्ये एक अॅप आले. त्यातली बाई इंग्रजीत सांगायची, आता श्वास घ्या, आता सोडा. माझ्या सासूबाईंना, आम्ही त्यांना अम्मा म्हणतो, हे अजिबात पटले नाही. “श्वास घ्यायलापण आता मोबाईलला विचारायचं?” असे म्हणून त्या तसबीह घेऊन आतल्या खोलीत गेल्या. अम्मा बहात्तर वर्षांच्या, जालन्याकडच्या खेड्यात आयुष्य गेलेल्या. त्यांचा राग अॅपवर नव्हता. नातीला झोप येत नाही आणि आपल्याला काही करता येत नाही, याचा तो राग होता.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे निघालो. पाऊस चांगला झाला होता, त्यामुळे पाण्याची खात्री होती. महमूद दरवाजातून आत आले की खाम नदीच्या काठावर हे आवार लागते. मशीद, दोन मजार, वडाचे प्रचंड झाड, लांबट हौद आणि कडेला चक्कीची खोली. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे कार्यालयही याच आवारात आहे, त्यामुळे सहलीला आलेल्या मुलांच्या गर्दीत काखेत फाईल धरलेली माणसेही दिसतात.

पाण्याची करामत समजून घेण्यासारखी आहे. शहराच्या उत्तरेला सुमारे सहा किलोमीटरवर डोंगरात झरा आहे. तिथून जमिनीखालून खापराच्या नळांतून पाणी आणले आहे. मध्ये बांधीव मनोरे आहेत. पाणी त्यांत चढते, अडकलेली हवा सुटते आणि उतरताना पाणी पुन्हा जोर धरते. शेवटी ते उंच भिंतीच्या माथ्यावरून हौदात कोसळते. त्याच जोरावर खाली लोखंडी पात्यांचे चाक फिरते आणि वरची दगडी चक्की दळते. मोटर नाही, बैल नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे सारे टप्प्याटप्प्याने उभे राहिले. इथे दळलेले पीठ खानकाहमधल्या मुरिदांना, वाटसरूंना आणि लष्करातल्या शिपायांना जायचे. हौदाचा तळ म्हणजे खालच्या एका मोठ्या दालनाचे छत आहे. डोक्यावर पाणी आणि खाली माणसे, त्यामुळे उन्हाळ्यातही ते दालन गार राहते. एवढा विचार करून बांधणारी माणसे नुसती जप करत बसलेली नव्हती.

ही माणसे कोण? इथे दफन असलेले दोन बुजुर्ग, बाबा पलंगपोश आणि त्यांचे शिष्य बाबा शाह मुसाफिर, बुखाऱ्याच्या मुलखातून दख्खनमध्ये आले होते. ‘पलंगपोश’ म्हटले की वर्गात मुले हसतात, कारण आपल्याकडे पलंगपोस म्हणजे पलंगावरची चादर. फारसीत ‘पलंग’ म्हणजे बिबट्या. बिबट्याचे कातडे पांघरणारा तो पलंगपोश. हे बाबा फिरस्ते होते. औरंगजेबाच्या काळात गाजीउद्दीन खान फिरोज जंग याच्या फौजेबरोबर ते दख्खनभर हिंडले आणि १६९९ मध्ये वारले. बाबा मुसाफिर मात्र नावाने मुसाफिर असूनही इथे स्थिरावले. ते १७१५ मध्ये वारले. त्यांचे उत्तराधिकारी शाह महमूद यांनी या दोघांच्या आठवणी ‘मलफूजात-ए-नक्शबंदिया’ या फारसी ग्रंथात लिहून ठेवल्या. सायमन डिग्बी यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पुस्तकात शिपाई, व्यापारी, दूरदेशाहून आलेले गरीब प्रवासी यांची सारखी ये-जा आहे. खानकाह म्हणजे जगाकडे पाठ फिरवून बसण्याची गुहा, ही आपली समजूत ते पुस्तक मोडून काढते.

हे दोघे नक्शबंदी सिलसिल्याचे. बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानचे ख्वाजा अब्दुल खालिक यांच्यापासून या सिलसिल्यात आठ सूत्रे चालत आली आणि ख्वाजा बहाउद्दीन नक्शबंद (१३१८–१३८९) यांनी त्यांत तीन घातली असे परंपरा मानते. सूत्रे फारसीत आहेत, दोन-तीन शब्दांची. उर्दू जाणणाऱ्याला निम्मी आपोआप कळतात. ‘होश दर दम’ म्हणजे श्वासात भान. एकही श्वास गाफिलपणे आत जाऊ नये, गाफिलपणे बाहेर येऊ नये. ‘नजर बर कदम’ म्हणजे नजर पावलावर. चालताना डोळे जिकडेतिकडे भटकले की मनही त्यांच्यामागे भटकते. ‘सफर दर वतन’ म्हणजे आपल्याच गावात प्रवास. हा प्रवास वाईट सवयीपासून चांगल्या सवयीपर्यंतचा, त्याला तिकीट लागत नाही. आणि ‘खलवत दर अंजुमन’ म्हणजे गर्दीतला एकांत. हात कामात, तोंड लोकांशी बोलण्यात आणि दिल अल्लाहपाशी.

मुलीला मी हे हौदाच्या काठावर बसून सांगितले. पहिले सूत्र ऐकून ती म्हणाली, “मम्मी, हे तर अॅपमधलंच आहे.” मी हो म्हटले, आणि नाहीही म्हटले. ते का, हे सांगण्याआधी अम्माने काय केले ते सांगते.

नजर बर कदम हे सूत्र आमच्यात फक्त अम्माच पाळत होत्या, गुडघ्यांमुळे. हौदाकडच्या फरशा ओल्या होत्या. आम्ही पाणी पाहत होतो, मुलगी मोबाईलमधून पाणी पाहत होती आणि अम्मा एकेक पाऊल पाहून टाकत चक्कीच्या खोलीपर्यंत पोचल्या. तिथे त्या थांबल्या त्या बराच वेळ थांबल्या. दगड फिरत होता. त्यांनी मला हाक मारली. “बघ, दगडाला टाकी लावायला झालीय,” म्हणाल्या. मला तर सगळे दगड सारखेच दिसतात. मग नातीला जवळ बोलावून त्यांनी सांगितले की, लग्न होऊन आल्यावर पहाटे फजरच्या आधी उठून त्या दोन पायली दळायच्या. समोर जाऊबाई बसायच्या, खुंट्याला दोघींचे हात. ओढताना ‘ला इलाह’ आणि सोडताना ‘इल्लल्लाह’. असे कुणी शिकवले नव्हते, सासूबाई करायच्या म्हणून यांनीही केले. शेजारच्या मराठा घरातल्या बायका त्याच वेळी ओव्या म्हणायच्या. भिंत एकच होती. कधी यांचा जिक्र थांबायचा आणि तिकडची ओवी ऐकायला या कान द्यायच्या. “मग ध्यान तुटायचं नाही का, दादी?” मुलीने विचारले. “तुटायचं की,” अम्मा म्हणाल्या. “हातातला घास जात्यात टाकला की परत लागायचं.”

अम्मांना हे ठाऊक नाही, पण त्या जे करत होत्या त्याला दख्खनमध्ये जुनी परंपरा आहे. विजापूरच्या सूफींच्या वर्तुळात सतराव्या-अठराव्या शतकात दखनी भाषेत ‘चक्कीनामा’ आणि ‘चरखानामा’ नावाची गाणी रचली गेली. ती खास बायकांच्या तोंडी बसावीत अशी होती. जात्याचा उभा खुंटा म्हणजे अलिफ, असे रूपक त्यांत येते. दळण्याच्या लयीत जिक्र बसवलेला असे. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी १९७८ मध्ये विजापूरच्या सूफींवर पुस्तक लिहिले, तेव्हा या गाण्यांना मोठे महत्त्व दिले. फारसीतले जाड ग्रंथ सामान्य घरात पोचत नव्हते, जाते मात्र प्रत्येक घरात होते. सूफींची शिकवण आणि दीनाची ओळख स्वयंपाकघरातून कशी पसरली, हे त्यांनी त्यावरून दाखवले. ते सूफी बहुतेक चिश्ती होते, पाणचक्कीचे बुजुर्ग नक्शबंदी. चिश्तींमध्ये आवाजी जिक्र आणि समा, तर नक्शबंदींचा भर मनातल्या मूक जिक्रवर. पंडितांच्या दृष्टीने हे दोन वेगळे सिलसिले आहेत. पण चक्कीशेजारी उभ्या असलेल्या अम्माकडे पाहताना मला त्यातले अंतर फारसे जाणवले नाही. जनाबाईच्या जात्याची गोष्ट तर मी मराठीच्या तासाला सांगतेच, या चक्कीनाम्यांची आजवर कुणी मला शाळेत सांगितली नव्हती.

आता त्या ‘हो आणि नाही’कडे येते. श्वासाकडे लक्ष देणे दोन्हीकडे आहे. श्वास कुणा एका धर्माची मिळकत नाही, आणि घाबरलेल्या मुलीला सावकाश श्वास घ्यायला शिकवण्यात दीनाला बाध येईल असे मला काही दिसत नाही. पाणचक्कीपासून काही किलोमीटरवर, मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. तिथे दगडातल्या बुद्धमूर्ती ध्यानाला बसलेल्या आहेत. बुखाऱ्याहून आलेल्या बाबा मुसाफिरांनी खानकाह वसवली, त्याच्या शेकडो वर्षे आधीपासून त्या तिथे आहेत. मनाला आवर घालण्याची खटपट या डोंगरांना नवी नाही.

फरक पुढच्या पायरीवर आहे. प्रशिक्षणात आम्हाला सांगतात की विचाराकडे पाहा, त्याला बरे-वाईट ठरवू नका. नक्शबंदींच्या सूत्रांत ‘निगाह दाश्त’ आहे, म्हणजे मनाच्या दारावर पहारा. पाहारेकरी नुसता पाहत नाही, कुणाला आत सोडायचे तेही ठरवतो. आणि ख्वाजा बहाउद्दीन यांनी घातलेल्या तिघांपैकी एक आहे ‘वुकूफ-ए-जमानी’. थोड्या थोड्या वेळाने थांबून गेलेल्या वेळाचा हिशोब पाहायचा. चांगला गेला असेल तर शुक्र, वाया गेला असेल तर तौबा. यालाच आपण मुहासबा म्हणतो. हा शब्द नक्शबंदींच्या कितीतरी आधीचा. बगदादचे हारिस अल-मुहासिबी (मृत्यू ८५७) यांचे नावच त्यावरून पडले, आणि इमाम गजालींनी ‘इह्या’मध्ये मुराकबा आणि मुहासबा यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. म्हणजे स्वतःला ओळखायचे ते शांत वाटावे एवढ्यासाठी नव्हे. मी आज कुणाशी कशी वागले, कुणाचा हक्क माझ्याकडे राहिला, हेही त्या ओळखीत येते. पाहणारे आपण एकटे नसतो. हदीस-ए-जिब्रीलमध्ये इहसानचा अर्थ येतो तो हाच: इबादत अशी की जणू आपण अल्लाहला पाहत आहोत, आणि ते जमत नसेल तर तो आपल्याला पाहतो आहे हे भान.

जाता जाता एक गोष्ट. ज्याने स्वतःला ओळखले त्याने रबला ओळखले, या अर्थाचे वचन आपल्याकडे सर्रास हदीस म्हणून सांगितले जाते. इमाम नववींसारख्या हदीसतज्ज्ञांनी ते हदीस म्हणून सिद्ध नसल्याचे म्हटले आहे. सूफींच्या ग्रंथांत ते खूप आदराने येते, त्याचा आशयही मोलाचा आहे, पण प्रेषितांच्या (स.) नावावर सांगताना तरी सावध असावे. स्वतःच्या जिभेवर लक्ष ठेवणे हाही याच विषयाचा भाग आहे.

तसव्वुफबद्दल आपल्या वाचकांची मते एकसारखी नाहीत, हे मला माहीत आहे. आमच्या घरातही नाहीत. माझे मिस्टर मजारकडे फिरकले नाहीत. त्यांनी मशिदीत जुहर अदा केली आणि वडाखाली बसून राहिले. अम्मांनी दोन्ही मजारांसमोर हात उचलून फातिहा पढली. मी मधली. पण नमाजमध्ये मन हजर असावे, रकाती मोजता मोजता संध्याकाळची भाजी ठरू नये, यावर तिघांचे एकमत आहे, आणि तिघांचीही अडचण तीच आहे. वजू करताना नळाखाली धडाधड हात फिरवणारी मी त्या दिवशी सावकाश वजू केले. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत जाताना किती गार लागते, हे बऱ्याच वर्षांनी जाणवले.

घरातल्या बाईला एकांत मिळत नाही. चाळीस दिवस चिल्ल्याला बसायचे तर डबे कोण करील? म्हणून मला या आठ सूत्रांत ‘खलवत दर अंजुमन’ सगळ्यांत जवळचे वाटते. पोळी फुगेपर्यंतचा वेळ, बसची वाट पाहण्याचा वेळ, वर्गात हजेरी घेताना एका नावापासून दुसऱ्या नावापर्यंतचा वेळ. हे एकांत फार लहान आहेत, पण ते कुणाकडे मागावे लागत नाहीत.

मुलीने अॅप काढून टाकलेले नाही, मीही सांगितले नाही. मात्र इशानंतर ती अम्माच्या पलंगावर जाऊन बसते. दोघी मिळून दिवसाचा हिशोब घालतात. अम्मा आपला सांगतात, मग ती आपला सांगते. एका रात्री तिने सांगितले की जुन्या मैत्रिणीला जास्त गुण पडले म्हणून ती गणपतीपासून तिच्याशी बोललेली नाही, आणि झोप लागत नाही तेव्हा तिचाच चेहरा समोर येतो. डॉक्टरांना, समुपदेशकांना आणि मला तिने हे सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः फोन केला. परीक्षेची भीती गेलेली नाही. फेब्रुवारी यायचाच आहे. रात्री उठते अजून, पण पूर्वीपेक्षा कमी.

अम्मांनी मात्र एक नवीन काम काढले आहे. गावच्या घरी त्यांचे जाते दाराशी पायरीसारखे पडून होते. मिस्टरांनी ते गेल्या महिन्यात ओळखीच्या टेम्पोतून आणवले. दोन्ही तळ्या शाबूत आहेत, खुंटा मात्र कुजलेला. आता सुतार बाभळीचे लाकूड शोधतो आहे, आणि जात्याला टाकी लावणारा कुणी या शहरात उरला आहे का, हे अम्मा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत आहेत.